माहेरच्या तेलाचं मलम

देवाला हात जोडून झाले मंडळी, आता तुम्हाला जोडते. पुढे मांडी ठोकून बसलेल्यांना, खांब अडवून टेकलेल्यांना, आणि तिकडे चपलांजवळ उभं राहून 'जरा ऐकून निघू' म्हणणाऱ्यांनाही. अहो, आत या! उभ्यानं ऐकलेलं कीर्तन पायांतून निघून जातं म्हणतात. कोण म्हणतं? मीच म्हणते!

आज प्रश्न एकच आहे. सोपा वाटेल, पण घरी नेलात तर झोप उडवील.

प्रत्येक घरात एक माणूस असतं. सगळे जेवल्यावर जेवणारं. ताप आला तर दुसऱ्याच्या कपाळावर हात ठेवणारं, आणि स्वतःला आला तर 'काही नाही, ऊन लागलं' म्हणणारं. आलं ना डोळ्यांसमोर? काहींच्या तर शेजारीच बसलंय! तर प्रश्न असा — जे माणूस सगळ्यांना जपतं, त्याला जपायचं कुणी? आणि याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे, तो जास्त अवघड — जपायचं कधी?

बापू, पेटीवर जरा सूर धरून ठेवा. मास्तर, तबला गार होऊ देऊ नका. मंडळी, ऐका!

वेंगुर्ल्याच्या अलीकडे एक वाडी आहे. नाव सांगत नाही — तिथली माणसं माझ्या कीर्तनाला येतात, आणि नंतर चहाला थांबवून जाब विचारतात. त्या वाडीत राहत होती सत्यभामा राऊळ. सगळी वाडी तिला भामाक्का म्हणे. भामाक्का पंधरा वर्षांची असताना आईबाप एकामागोमाग गेले. मागे राहिला भाऊ, दिगंबर. वय वर्षं सहा. भामाक्कानं काय केलं? रडली का? रडली असेल. पण कुणी बघितलं नाही. बघितलं ते एवढंच, की चौथ्या आठवड्यात ती काजूच्या कारखान्यात बी फोडायला बसलेली होती.

काजू खाताना गोड लागतो हो! वाटीतून उचलला, तोंडात टाकला, संपला. पण तो अख्खा, पांढरा, बाकदार गर टरफलातून काढायचा कसा, ते ठाऊक आहे? त्या टरफलात काळपट चीक असतो. जळजळता! थेंब लागला की कातडी भाजते, काळी पडते, सोलते. बायका हाताला तेल लावतात, राख चोळतात आणि बसतात. 'हातमोजे घाला ना!' — हां, बोलल्या, पुढच्या रांगेतल्या मावशी बोलल्या! मावशी, मोजे घातले की बोटांना गर कळत नाही. गर कळला नाही की तो तुटतो. आणि तुकडा झालेल्या गराला कोण विचारतो? म्हणून गर अख्खा राहावा यासाठी बोटं उघडी.

अशी बावीस वर्षं! मंडळी, बावीस!

*जाळियेले हात । काजूच्या चिकाने ।*
*त्याच गे हाताने । भरविले ॥*

त्याच हातांनी दिगूला भरवलं, शाळेत घातलं, तो एसटीत कंडक्टर झाला तेव्हा त्याच्या खाकी शर्टाला इस्त्री केली. भामाक्काच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. रेशनच्या यंत्रावर अंगठा ठेवला की यंत्र म्हणे, हा माणूसच नाही! पण तिचं नाक? नाक शाबूत होतं. आणि कसलं नाक! हजार गरांच्या ढिगात एक खवट गर असला, तर भामाक्का लांबूनच म्हणे, 'ह्या ढिगात एक वायट आसा गो, काढा तेका.' आणि निघायचा! कारखान्यातले मोठे लोकसुद्धा तिला बोलावून पोती हुंगायला लावत. हे नाक लक्षात ठेवा बरं का. पुढे कामाला येणार आहे.

आता दिगूचं लग्न. मुलगी कुठली? पार घाटावरची, सांगोल्याची! नाव कौमुदी. बीएस्सी झालेली. लग्नाआधी दोन वर्षं सोलापूरला एका छोट्या कारखान्यात कामाला होती — तोंडाला लावायची, हाताला लावायची मलमं बनवायचे तिथं. मलमात तेल किती, पाणी किती, काय कधी घालायचं, सगळं तिला पाठ. आई लहानपणीच गेलेली. वडील, काशिनाथआप्पा, यांनीच वाढवलेली.

सून घरात आली. पहिल्याच सकाळी वाकून म्हणाली, "वन्सं, नमस्कार करते."

भामाक्का दचकली. "काय गो ता? वन्सं? माका वाटला वनस्पती तुपाचो डबो मागतंस! अक्का म्हण, बाय माझे, अक्का."

आणि आशीर्वाद दिला. पण कसा? तळहात नाही ठेवला पाठीवर. मनगट उलटं केलं, आणि मनगटाच्या आतली बाजू सुनेच्या पाठीवरून फिरवली. कौमुदीला वाटलं, कोकणातली पद्धत असेल! महिनाभरानं कळलं तिला. अक्काच्या हाताला तेवढीच एक जागा मऊ उरली होती. माणसाला शिवायचं झालं, तर ती तिथून शिवायची.

दिगू दिवसभर शेकडो हातांत तिकिटं देतो. घरातल्या या दोन हातांकडे त्यानं कधी बघितलं होतं का? नाही हो! कौमुदीनं विचारलं तर म्हणाला, "तिका सवय झाली. आणि पुढच्या हंगामापासून तिका कारखान्यात पाठवचाच नाय, ठरवलंय मी." किती वर्षं ठरवत होता? — अकरा! दर वर्षी पुढचा हंगाम!

हसू नका. तुमचेही 'पुढचे हंगाम' मला माहीत आहेत.

पहिली दिवाळी आली. काशिनाथआप्पा सांगोल्याहून स्वतः एसटीनं आले. मांडीवर काय? पाच लिटरचा पांढरा कॅन. करडईचं तेल, लाकडी घाण्याचं, स्वतः समोर बसून काढून घेतलेलं! "पोरी, तुमच्याकडं सगळं खोबऱ्याचं. म्हटलं, जिभेला माहेर राहू दे." एक रात्र राहिले, फणसाच्या झाडाकडे बघून 'केवढं हे' म्हणाले, आणि गेले.

पौषात गेले ते कायमचेच.

(बापू, सूर खाली घ्या थोडा.)

आता मंडळी, तो कॅन. त्यातलं तेल कौमुदीनं वापरलं का? एकदा, दिवाळीच्या चिवड्याला. आप्पा गेले आणि तिनं झाकण घट्ट लावलं. माजघरातल्या खिडकीच्या फळीवर ठेवलं. येता-जाता दिसावं म्हणून. दुपारचं ऊन थेट त्याच्यावर! कधी झाकण उघडायची, वास घ्यायची, डोळे टिपायची, पुन्हा लावायची. बायकांनो, तुम्हाला मी काय सांगू? माहेरची वस्तू आपण वापरतो का? माझ्या ट्रंकेत आईनं दिलेलं लुगडं होतं. नेसले नाही, जपलं. बावीस वर्षांनी उघडलं तर घडीवर चिरलेलं! आपल्याला वाटतं, जपलं म्हणजे प्रेम केलं.

चैत्रात कौमुदीला मुलगी झाली. गोरी, लांब बोटांची, रडताना कपाळाला आठ्या घालणारी. दिगू सगळ्या बसला पेढे वाटत फिरला, तिकिटासकट! दवाखान्यातून घरी आणलं. कौमुदीनं ओटीतलं बाळ पुढे केलं — "अक्का, घ्या."

भामाक्का दोन पावलं मागे! हात पदरात.

"नको गो."

"अहो, आत्या ना तुम्ही?"

"आत्या आसंय म्हणानच नको. ह्या हातांनी? किसणीवर कोण लोणी ठेवता काय गो? चेडवाच्या गालाक ओरखडो इलो तर माका जलमभर झोप येवची नाय."

"मग बारशाला? नाव तुम्हीच ठेवायचं ना कानात?"

"नाव सांगान मी. चेडवाक तू धर."

आणि लांबून बघत राहिली. मंडळी, जिनं एक लेकरू सहा वर्षांचं असल्यापासून वाढवलं, तिच्या घरात दुसरं लेकरू आलं, आणि ती त्याला हात लावत नाही! न्हाऊ घालायला यमुनाबाई यायची. दुपटी मात्र भामाक्का धुवायची. म्हणे, 'कपड्याक काय होता?'

कौमुदीनं मनात धरलं — बारसं सव्वा महिन्यानं. तोवर अक्काचे हात मऊ करायचे. बारशाला बाळ अक्काच्याच हातात! मला मलम येतं ना बनवता!

बाळंतीण, तेराव्या दिवशी उठून बसली कामाला. शेजारून भिरंडेल आणलं. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, ते मेणासारखं घट्ट असतं. टाचांच्या भेगांत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भरतात. पण नुसतं ते कडक. त्यात पातळ तेल मिसळलं की मलम मऊ होतं. पातळ तेल कुठलं घेतलं तिनं? सांगायला हवं का?

फळीवरचा कॅन खाली आला! अक्कासाठी करायचं, तर आप्पांचंच तेल!

झाकण उघडलं. वास घेतला. घरात बाळंतिणीची धुरी — शेपा, ओवा, धूप. त्यात नाकाला काय कळणार? थोडा वेगळा वास आला. पण मन म्हणालं, माहेरचा वास आहे. शिकलेली बाई हो! सोलापूरला अशी बाटली कुणी पुढे ठेवली असती, तर एका हुंगण्यात 'टाकून दे' म्हणाली असती. माणसाचं शिक्षण कुठे थांबतं? जिथं माया सुरू होते तिथं.

तरी मनात पाल चुकचुकली. तिच्याजवळ एक तपकिरी छोटी बाटली होती, जुन्या मैत्रिणीनं पाठवलेली. तिच्यात घट्ट, मधासारखं व्हिटॅमिन ई; बाटलीवर नाव टोकोफेरॉल. मलमवाल्यांचा पहारेकरी तो! शंभर ग्रॅमला अर्धा ग्रॅम पुरतो. कौमुदीनं काय केलं? चौपट घातला. म्हणाली, तेल जरा जुनं आहे ना, जास्त जपायला हवं.

चोर घरात शिरून जेवून झोपलेला, आणि दारात चार पहारेकरी! काय उपयोग?

मलम झालं. चिकट झालं, पण झालं. डबीत भरलं. "अक्का, रोज सकाळ-संध्याकाळ."

भामाक्कानं डबी उघडली. आणि मंडळी — ते नाक! हजार गरांतला एक हुडकणारं नाक! नाकपुड्या क्षणभर थांबल्या. तिनं सुनेकडे बघितलं. सुनेच्या डोळ्यांत काय होतं? "आप्पांचं तेल घातलंय त्यात," ती म्हणाली.

भामाक्कानं डबी मिटली. "बरां केलंस गो बाय. लावतंय."

आणि लावलं! सकाळ-संध्याकाळ. दिवसा कारखान्यातला चीक, घरी आल्यावर हे मलम. चार दिवसांत हात लाल. सहा दिवसांत भेगा उघडल्या. कौमुदी विचारी, "अक्का, कसं वाटतं?" — "बरां वाटता." — "दाखवा बघू." — "भांडी घासतंय गो, मागीर." जेवताना पदराआड. झोपताना उशीखाली.

किती दिवस लपेल? नवव्या दिवशी कौमुदी बाळाला गुंडाळत होती. धुतलेलं दुपटं उलगडलं. कोपऱ्याला तांबूस डाग. बोटाएवढा. कौमुदी घाबरली, बाळाला सगळीकडून तपासलं — बाळ ठीक! मग दुपटं नाकाला लावलं. धुरी त्या दिवशी केली नव्हती. आणि तिला वास आला. स्वच्छ. खवट.

सगळं एकदम कळलं हो तिला!

तशीच उठली. मागच्या दारी भामाक्का दुपटी पिळत होती. कौमुदीनं तिची दोन्ही मनगटं धरली, हात उलटे केले.

"अक्का! हे काय?"

"काय नाय गो. ह्या असाच —"

"मलम खवट होतं! तुम्हाला कळलं नाही?"

भामाक्का हात सोडवून घ्यायला बघू लागली.

"तुम्हाला कळलं नाही? तुम्हाला? पोत्याबाहेरून कळतं तुम्हाला!"

"कळला," भामाक्का म्हणाली. "पयल्याच दिवशी."

"मग लावलंत कशाला!"

आणि भामाक्का काय म्हणाली, ऐका. माझं सगळं कीर्तन या एका वाक्यासाठी आहे.

"अगो, तुझ्या बापाचा तेल ता. रोज झाकण काढून वास घेवन रडतंस, माका दिसना नाय काय? ता खवाट झाला म्हणान तुका कसा सांगू? तुझो बाप दुसऱ्यांदा मेलो असतो गो. माझे हात काय, आधीच जळलेले."

*(मास्तर, तबला थांबवा. इथे ठेका नको.)*

कौमुदी तिथंच, मोरीच्या कडेला बसली. रडली. आप्पा गेल्यावर रडली नव्हती इतकी रडली. भामाक्का शेजारी बसली, आणि ओल्या मनगटाची आतली बाजू तिच्या पाठीवरून फिरवत राहिली.

कोण कुणाला समजावत होतं बघा!

संध्याकाळी दिगू घरी आला. शर्टाची बटणं काढतोय तोवर कौमुदीनं त्याला पाटावर बसवलं, समोर अक्काला बसवलं. "यांचे हात हातात घ्या."

"मी? कित्याक?"

"घ्या."

त्यानं घेतले. आणि पहिल्यांदा बघितलं. बोटांवर रेषा नाहीत. भेगांत लाल. त्यानं अंगठ्यानं एक भेग चाचपली. मग म्हणाला, "अक्का... ह्या कधी झाला?"

भामाक्का हसली. "तू पयलीत होतंस, तेव्हा सुरू झाला. आता कळला काय रे तुका?"

कंडक्टर! गर्दीत विनातिकिटाचा माणूस पाठमोरा ओळखतो! त्याला बावीस वर्षं दिसलं नाही. त्यानं डोकं खाली घातलं, आणि त्या हातांवर कपाळ टेकवलं. "उद्यापासून जावचा नाय."

"हंगाम संपान्दे मरे —"

"हंगाम गेलो खड्ड्यात!"

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीला डॉक्टरांकडे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी चीक बंद. मग भेगा भरायचं औषध. मलम नंतर, आणि ताजं. कीर्तनात मी खोटं सांगणार नाही — मलमानं जखम भरली नाही. जखम भरली ती औषधानं आणि विसाव्यानं. मलमाचं काम पुढचं.

भेगा भरल्या, तेव्हा कौमुदी पुन्हा चुलीपाशी बसली. या वेळी भामाक्का समोर. पातेल्यात गरम पाणी, त्यात वाटी, वाटीत ताजं भिरंडेल आणि कालच घाण्यावरून आणलेलं तेल. आधी भामाक्काच्या नाकाखाली धरलं.

"चलात?"

"चलात."

तेल कोमट झाल्याबरोबर, हवा लागून बिघडायच्या आत, तपकिरी बाटलीतलं अर्धा ग्रॅम. एक थेंब जास्त नाही.

"ह्या काय करता गो, ह्या तुझा टोको... फेरो... काय ता?"

"टोकोफेरॉल. तेच ई, अक्का. हवा तेलाला खात असते. तेलाचा एक कण बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, तो पुढच्याला. हे ई मधे उभं राहतं. म्हणतं, त्याला सोड, माझं घे. बिघडायची ती साखळी तिथं तुटते. आपल्या कातडीतही तेल असतं, त्याला ऊन छळतं, धूर छळतो. तिथंही हेच पुढे होतं."

"मग मागच्या खेपेक कित्याक नाय वाचवला?"

"तेल आधीच गेलेलं. हे पहारेकरी आहे, वैद्य नाही. तेल ताजं असताना घातलं तर राखतं. गेलेलं परत आणत नाही."

भामाक्का वाटी ढवळत राहिली. मग तिनं विचारलं. बीएस्सीच्या वर्गात कुणी विचारला नव्हता असा प्रश्न!

"सगळ्यांका वाचवता ता. मग तेका कोण वाचवता?"

कौमुदीनं बाटलीचं झाकण लावलं. "एकटं असेल तर कुणी नाही, अक्का. देऊन देऊन संपतं. पण आपल्या शरीरात त्याचा एक सोबती असतो. व्हिटॅमिन सी. ते शेजारी असलं, की थकलेल्या ई-ला स्वतःतलं काढून देतं, पुन्हा उभं करतं."

"आणि ता खय मेळता?"

"आवळ्यात. पेरूत. आणि..." कौमुदी हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पाण्यानं भरले. "तुमच्या काजूच्या बोंडात, अक्का. भरपूर!"

बघा मंडळी देवाची करणी! बी जाळते, आणि बोंड सांभाळतं! बावीस वर्षं ती बाई बी हातात घेत होती, आणि बोंडं? बोंडं कुंपणापलीकडे कुजत होती. त्याच झाडाची! त्या दिवसापासून दिगू रोज ड्यूटीवरून येताना रुमालात चार पिकली बोंडं बांधून आणू लागला. मीठ लावून अक्काला खायला बसवी. आणि संध्याकाळी पाटावर बसून तिच्या हातांना मलम लावी. पहिल्या दिवशी लाजत. शेजारची पारू कुंपणावरून म्हणाली, "काय रे दिगू, बाईल समोर आसताना भैणीचे हात धरतंस?" हा म्हणाला, "तुझो भाव धरणा नाय काय? पाठवून दी हडे, शिकवतंय!"

आता कुणी म्हणेल, ताई, बोंडाच्या रसानं हात मऊ होतात का? अहो, मी सातवीत शाळा सोडली, डॉक्टर नाही. पण रोज कुणीतरी आपल्यासाठी वाट वाकडी करून काहीतरी आणतंय, हे कळल्यावर माणूस कुठून कुठून मऊ होतं, ते मला विचारा!

आणि आप्पांचं उरलेलं तेल? कौमुदी म्हणाली, टाकवत नाही. भामाक्का म्हणाली, "टाकू कित्याक? तुळशीकडे लाव. देव काय माझ्यासारखो नाकाचो नाय." संपेपर्यंत संध्याकाळचा दिवा त्याच तेलाचा. कॅन रिकामा झाला तेव्हा कौमुदी रडली नाही.

बारशाचा दिवस उजाडला. वाडीतल्या बायका जमल्या. पाळणा फुलांनी मढवलेला. दिगूनं नाव काढून ठेवलं होतं, मोबाईलमध्ये शोधून. कसलंसं अडीच अक्षरी, त्याचं त्यालाच धड म्हणता येत नव्हतं. कागदावर लिहून अक्काला दिलं.

आणि कौमुदीनं बाळ पुढे केलं. "अक्का, घ्या."

भामाक्काचे हात लोण्यासारखे झाले होते का? नाही हो! बावीस वर्षांचं वीस दिवसांत कुठलं जातंय? भेगा मिटल्या होत्या. लाली गेली होती. पण खरखर होती. रेषा तर नव्हत्याच. तिनं हात पुढे केले — आणि सवयीनं मनगट उलटं झालं.

"तसं नाही," कौमुदी हळूच म्हणाली. "तळव्यावर."

भामाक्कानं डोळे मिटले. तळवे सरळ केले. आणि कौमुदीनं बाळ ठेवलं.

झालं! बाळानं कपाळाला आठ्या घातल्या, तोंड वाकडं केलं, आणि भोकाड! भामाक्कानं बाळ लांब धरलं. "घी गो, घी माघारी! टोचता तेका —"

"धरा. पाठीवरून हात फिरवा."

तिनं फिरवला. बाळाच्या पाठीवर उन्हाळ्याचं घामोळं उठलेलं होतं. आजवर यमुनाबाईचे मऊ हात फिरले, आईचे फिरले, काही उपयोग नव्हता, रात्रंदिवस पोर वळवळायची. तो किंचित खरखरीत तळवा वरून खाली गेला... पुन्हा वरून खाली... आणि पोर थांबली! मान टाकली, डोळे अर्धे मिटले, आणि असा लांब सुस्कारा सोडला — अहो, खाज भागल्याचा सुस्कारा! सगळ्या बायका खो खो हसायला लागल्या. यमुनाबाई म्हणाली, "मेल्या चेडवा! मी इतके दिवस फुकट तेल जिरवलंय!"

भामाक्का हसत नव्हती. तिच्या गालांवरून पाणी चाललं होतं. पुसायला हात मोकळे नव्हते. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या तळव्यांवर तान्हं लेकरू होतं. दिगूनं पुढे होऊन आपल्या बाहीनं तिचे डोळे पुसले.

मग तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं. दिगूचा कागद पाळण्याखाली पडलेला. काहीतरी कुजबुजली. बायका म्हणाल्या, "काय ठेवलंस गो? मोठ्यान सांग!"

भामाक्कानं कौमुदीकडे बघितलं.

"काशी," म्हणाली. "काशिनाथाची काशी. तेल खवाटला गो बाय. नाव नाय खवाटणा, रोज वापरला म्हंजे."

बोला मंडळी, आता मी काय सांगू? सांगणारी सांगून गेली!

ती काशी आता चार वर्षांची आहे. पाठीवर आत्याचा हात फिरल्याशिवाय झोपत नाही. तिच्या आईच्या मलमाच्या डब्या आता कारखान्यातल्या बायकांकडे जातात. छोट्या छोट्या डब्या, महिन्याभरात संपतील एवढ्याच. कौमुदी प्रत्येकीला बजावते — ठेवू नका, लावा! आणि मलमाचा नवा घाणा घातला की पहिली वाटी भामाक्काच्या नाकाखाली. तिनं 'चलात' म्हटलं की मगच पुढचं काम!

आता वळूया तुमच्याकडे. अहो, कुठे बघताय? तुमच्याकडेच!

मी विचारलं होतं, जपणाऱ्याला जपायचं कुणी? शेजारच्यानं. जो शेजारी आहे त्यानं. लांबून येऊन कुणी जपणार नाही. आणि कधी? ताजं असताना! मनातली माया फळीवर ठेवून, झाकण उघडून, वास घेऊन पुन्हा बंद करता ना? 'आईला एकदा निवांत घेऊन बसू', 'वहिनीला एकदा सांगू तुझ्यामुळे निभावलं', 'पुढच्या हंगामात'... ती खवटते हो! आणि मग माणूस अंथरुणाला खिळलं, की धावता चौपट घेऊन. डबे, फळं, औषधं, रडणं. चौपट! तेव्हा ते माणूस काय करतं, ठाऊक आहे? भामाक्काच करतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हणतं, 'बरां वाटता.'

अर्धा ग्रॅम पुरतो, मंडळी. पण आज.

बापू, पेटी बंद करा. मास्तर, तुम्हीही. निरांजन पेटलंय, मला दिसतंय. पण आरती जरा थांबू द्या. आधी प्रत्येकानं आपल्या शेजारी बसलेल्या माणसाचा हात हातात घ्या. घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणारं माणूस जवळ असेल, तर त्याचाच. उलटा करा. तळवा वर. बघा. नीट बघा — दिगूसारखे बावीस वर्षं लावू नका.

देव थांबेल. त्याला खवटायची भीती नाही.